जलपात्रं भरलेली, कडुनिंब बोडका: नागपुरातल्या एका घारीच्या पिल्लाचं प्रकरण

अंबाझरी तलावाच्या अलीकडे एक जुना लेआउट आहे. पूर्वी इथे सगळे बंगले होते, आता दर तिसऱ्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम उभी आहे. रस्ते सिमेंटचे झाले, पण कडेची झाडं अजून जुनीच आहेत: कडुनिंब, शिरीष, दोन-तीन आंबे आणि कोपऱ्यावरचा पिंपळ. पक्ष्यांच्या बाबतीत हा लेआउट बेफिकीर मुळीच नाही. मार्च संपता संपता महिला मंडळाने घरोघरी वर्गणी काढून अकरा जलपात्रं आणली आणि कोणी कुठलं भरायचं तेही वाटून घेतलं. पात्रांवर देणगीदाराचं नाव होतं, पहिल्या दिवशी फोटोही निघाले. नागपुरात जलपात्रांचा कार्यक्रम बहुतेकदा फोटोवरच संपतो, इथे मात्र तसं झालं नाही. मेमध्ये मी पाहिलं तेव्हा अकराही पात्रांत पाणी होतं.

आणि तरीही मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, त्याच लेआउटमध्ये घारीचं एक पिल्लू रस्त्यावर पडलं. सगळ्यात जवळचं जलपात्र तिथून पंधरा-वीस पावलांवर होतं.

उन्हाळ्यात पक्षी पडला की ‘बिचाऱ्याला पाणी मिळालं नसेल’ हे निदान आपल्याकडे ठरलेलं असतं, आणि उपायही ठरलेला: चोच उघडा, पाणी ओता. या प्रकरणात निदान चुकलं होतं आणि उपायाने तर पिल्लू जवळजवळ गेलंच होतं. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

पावणेदोन वाजता

त्या दिवशी शहराचं कमाल तापमान ४४.६ अंश नोंदलं गेलं. नागपूरकर एवढ्याशा आकड्याने दचकत नाही. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेलेला इथल्या लोकांनी पाहिलाय. २०२४ च्या मेअखेरीस तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बोंब झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण पेपरात छापून येतो तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. तापमापक जाळीदार पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर ठेवलेला असतो. रस्त्यावर पडलेल्या जिवाला त्या आकड्याचा काय उपयोग? माझ्याजवळच्या इन्फ्रारेड थर्मामीटरवर तिथल्या सिमेंट रस्त्याचा पृष्ठभाग ५९ अंश आला.

पिल्लू पहिल्यांदा दिसलं ते समोरच्या स्कीममध्ये एसी दुरुस्तीला आलेल्या पोराला. त्याने ते उचलून गेटच्या आत आणलं, इथपर्यंत ठीक. मग फ्रिजमधली बाटली आली. एकाने चोच उघडून धरली, दुसऱ्याने पाणी ओतलं. पिल्लाने मान झटकली तेव्हा ‘पितं आहे’ असं वाटून आणखी ओतलं. तेवढ्यात एका काकूंनी बर्फ घातलेलं बादलीभर पाणी त्याच्या अंगावर टाकलं. कोणीतरी दूध-पोळी कुस्करून वाटीत आणली. भोवती दहा-बारा माणसं आणि तितकेच मोबाइल. शेजारच्या बंगल्यातले काकाजी, निवृत्त शिक्षक, तेवढे शहाणपणाने वागले. घरातून छत्री आणून त्यांनी ती पिल्लावर धरली आणि पोरांना मागे सारलं.

मला फोन आला तो त्या एसीवाल्या पोराचाच. “ताई, मान टाकून राहिलं जी ते. आम्ही पाणी पाजून राहिलो, पण गिळूनच नाही राहिलं.”

फोनवरून मी त्याला सांगितलं ते असं. चोच सोड, एक थेंबही आता ओतू नको. पुठ्ठ्याचं खोकं घे, बाजूंना पेन्सिलीने भोकं पाड, तळाशी कोरडं सुती कापड टाक. पिल्लू त्यात ठेवून झाकण लाव आणि खोकं कूलर चालू असलेल्या खोलीत ने. कूलरच्या तोंडासमोर नको, खोलीच्या कोपऱ्यात. आणि खोलीत कोणी बोलू नका. शेवटची सूचना लोकांना विचित्र वाटते. पण शिकारी पक्ष्याला माणसाचं तोंड म्हणजे धोका. त्या भीतीने श्वास आणखी जोरात चालतो आणि अंगातलं पाणी आणखी उडतं. अंधार हे तिथे औषधच असतं.

पाणी ओतण्यात चूक काय, ते इथे सांगायलाच हवं, कारण दरवर्षी कितीतरी पक्षी उन्हाने नव्हे तर याने मरतात. माणसाच्या घशात श्वासनलिकेवर झाकण असतं. पक्ष्याच्या घशात ते नसतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी, अगदी समोर उघडतं. शुद्धीवर असलेला पक्षी स्वतः पाणी पितो तेव्हा ते तोंड तो मिटून घेतो. ग्लानीतल्या पक्ष्याच्या चोचीत तुम्ही बाटली उपडी केली की पाणी सरळ फुप्फुसाकडे जातं. जीव वाचला तरी पुढे न्यूमोनिया. मी पोचले तेव्हा पिल्लाच्या श्वासाबरोबर बारीक घरघर ऐकू येत होती. ती उन्हाची खूण नव्हती, बाटलीची होती.

बर्फाच्या पाण्याची गोष्ट निराळी. त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता बाहेर पडायची वाटच अडते, शिवाय अर्धमेल्या जिवाला तो धक्का सोसेलच असं नाही. साध्या नळाच्या पाण्याने नुसते पाय ओले केले तर चालतं. घारीच्या पायाच्या बोटांवर पिसं नसतात, तिथून उष्णता लवकर जाते. आम्ही तेवढंच केलं. दुधाबद्दल एका वाक्यात: पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, कधीही देऊ नका.

तपासणीत काय दिसलं

चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, डोळे खोल गेलेले. तोंडात बोट लावलं तर लाळेची तार निघत होती. मानेखालची अन्नाची पिशवी रिकामी. पापणीची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर जायला वेळ लागत होता. मोडतोड कुठे नव्हती, मांजाची जखम नव्हती. मांजाचं मुद्दाम पाहावं लागतं, कारण संक्रांतीचा नायलॉन मांजा नागपूरच्या झाडांवर मेपर्यंत लटकत असतो. पिसांची वाढ बघता पिल्लू उडायच्या बेतात होतं, पण अजून उडत नव्हतं. शेपटीची पिसं अर्ध्यावर आलेली.

हे पिल्लू तहानेने कासावीस होऊन पाण्याच्या शोधात खाली उतरलं, असं तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं. मला ते पटेना. घारीची पिल्लं घरट्यात पाणी पीतच नाहीत. आई-बाप पाणी आणून देत नाहीत, मांस आणतात. उंदीर, कबुतराचं पिल्लू, मटण मार्केटमधले तुकडे जे मिळेल त्यात जेवढा ओलावा, तेवढंच त्यांचं पाणी. म्हणजे अकराच्या जागी एकशेदहा जलपात्रं ठेवली असती तरी या पिल्लाला त्यांचा उपयोग शून्य होता.

मग कमी काय पडलं? मी वर पाहिलं.

कडुनिंब

गेटसमोरच्या कडुनिंबाला पश्चिमेकडे फांद्याच नव्हत्या. कापलेल्या खुंटांवर डिंक सुकला होता. चौकशी केल्यावर कळलं की एप्रिलच्या शेवटी छाटणी झाली. फांद्या विजेच्या तारांना लागत होत्या, मागच्या पावसाळ्यात दोनदा ठिणग्या उडाल्या, तक्रार लेआउटनेच केली होती. टोळी आली आणि ‘पुन्हा पुन्हा कशाला’ म्हणून पश्चिमेचा सगळा घेर उतरवून गेली. घरटं कुणाला दिसलं नव्हतं असंही नाही. ज्या बेचक्यात ते होतं ती टोळीने मुद्दाम सोडली. काकाजी सांगत होते, “आम्हीच म्हटलं जी, ते खोपं तेवढं ठेवा.” घरटं राहिलं, घरट्यावरचं छत गेलं.

एप्रिलअखेर ते मेचा दुसरा आठवडा, एवढे दिवस दोन पिल्लं दुपारच्या उन्हात उघडी बसून होती. याचा अर्थ समजायला पक्ष्याच्या अंगातला जमाखर्च बघावा लागतो. पक्ष्याला घाम येत नाही. त्याचं नेहमीचं तापमानच ४० ते ४२ अंश असतं. हवा त्याहून थंड असेपर्यंत पंख सैल सोडून, पाय मोकळे ठेवून उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४४ ची झाली की उलटा व्यवहार सुरू होतो, बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. तेव्हा एकच उपाय उरतो: धापणं, घसा फडफडवणं, तोंडातला ओलावा वाफ करून सोडणं. आपल्या कूलरचंही तत्त्व तेच. नागपूरची मेमधली हवा इतकी कोरडी असते, दुपारी ओलावा बहुधा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, की वाफ झपाट्याने होते आणि गारवाही चांगला मिळतो. पण कूलरला टाकी असते, नळी लावून ती भरता येते. पिल्लाची टाकी म्हणजे सकाळी मिळालेला उंदीर. सावलीत बसलेल्या पिल्लाचा खर्च त्या जमेत भागतो. अंगावर थेट ऊन आलं की खर्च कितीतरी वाढतो आणि जमा तेवढीच राहते.

मग मोठ्या घारी कशा तग धरतात, हा प्रश्न तिथल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारला, आणि तो अगदी मोक्याचा होता. भर दुपारी भांडेवाडीच्या कचरा डेपोवर किंवा फुटाळा तलावावर मान वर करून पाहा, घारी पार उंच गिरक्या घालताना दिसतील. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर पंख न हलवता त्या वर जातात. अशा कोरड्या दुपारी वर जाताना दर १०० मीटरला हवा साधारण एका अंशाने उतरते. म्हणजे खाली ४४ असताना ५०० मीटरवरच्या घारीला ३९ ची हवा मिळते. ती तिच्या अंगापेक्षा थंड असते, म्हणजे उष्णता पुन्हा बाहेर जाऊ लागते. पिल्लाला ही सोय नाही. पिल्लं लहान असताना आई पंख पसरून सावली धरते. मोठी झाली की ती दोघं पंखांखाली मावत नाहीत, आणि आईही बराच वेळ शिकारीला बाहेर असते. छाटणी झाली ती नेमकी या मधल्या दिवसांत.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी, कारण छाटणीच्या वेळी त्या कुणाच्या लक्षात नव्हत्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं येतं. आणि शहरातली झाडं १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांच्यावर कुऱ्हाड चालवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जावं लागतं. मात्र दोन्ही कायदे वाचून दाखवले तरी इथे प्रश्न सुटला नसता. घरटं कुणी विस्कटलं नव्हतं. कायद्याला घरटं दिसतं, घरट्यावरची सावली दिसत नाही.

सेमिनरी हिल्स

घारीचं पिल्लू घरी ठेवून वाढवायचं नसतं. वन्यप्राणी कुठल्याही कारणाने ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला आणि उन्हं उतरण्याची वाट न पाहता गाडीचा एसी बेताचा ठेवून खोकं सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वनविभागाच्या वन्यप्राणी उपचार केंद्राला नेलं. ‘संध्याकाळी गारव्यात नेऊ’ हा सल्ला तिथे दोघा-तिघांनी दिला होता. उष्माघातात ते चार तासच निर्णायक असतात.

पिल्लाचं वजन ५१० ग्रॅम भरलं. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज. पक्ष्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर द्रव लागतो असं धरतात. म्हणजे या पिल्लाची रोजची गरज २५ मिलिलिटर आणि वर तूट ५० ची. ही तूट एका दमात भरायची नसते. कोमट केलेलं सलाइन कातडीखाली, थोडं थोडं, दोन दिवसांत विभागून. पहिल्या दिवशी मांस नाही. लेआउटमधून सारखे फोन येत होते, “चिकन आणून देऊ का जी?” पण मांस पचवायलाही पाणी लागतं. कोरड्या पडलेल्या पोटात मांस घातलं तर तेच जिवावर बेततं. घरघरीसाठी अँटिबायोटिक सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पिल्लाने चिमट्यातला तुकडा स्वतः ओढून घेतला आणि डॉक्टरांच्या हातमोज्यावर पंजा मारला. दोन्ही लक्षणं चांगली.

दुसरं पिल्लू

एक पिल्लू हाती आलं, पण दुसरं वर होतंच. खालून दुर्बिणीतून स्पष्ट दिसायचं: घरट्याच्या कडेला, चोच उघडी, सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत.

लेआउटमध्ये तीन मतं होती. एक, शिडी लावून तेही उतरवा. याला मी ठाम नाही म्हटलं. आई-बाप खायला घालत असलेलं धडधाकट पिल्लू उचलणं म्हणजे मदत नव्हे, आणि मोठ्या घारी डोक्यावर झेप घेतात ते वेगळंच. दुसरं मत, घरट्याजवळ फांदीला पाण्याचं भांडं बांधा. ते का निरुपयोगी, ते वर आलंच आहे. तिसरं मत काकाजींचं: सिग्नलवर बांधतात तसली हिरवी जाळी लावून सावली करता येईल का?

सुचलं ते योग्यच होतं, पण करणं सोपं नव्हतं. घरट्यावर काही बांधलं तर घारी घरटं सोडून जायची भीती. सैल जाळीत पक्षी अडकतो. आणि मेमध्ये नागपूरचा सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. २६ मेच्या सुमारास इथला शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणजे उभ्या पडद्याची सावली बारा-एकला पडणारच नाही. पण कहर असतो तो अडीच ते साडेचारचा, आणि तेव्हा सूर्य पश्चिमेला कललेला असतो. घरट्याच्या पश्चिमेला साधारण पंधरा फुटांवर एका स्कीमची गच्ची होती, घरट्याहून किंचित उंच. तिथे कठड्याला उंच बांबू रोवून नर्सरीवाल्यांची ७५ टक्क्यांची शेडनेट ताणून बांधली तर साडेतीनपासून पुढे घरटं सावलीत येत होतं. बारा ते साडेतीनसाठी उरलेली एकमेव वरची फांदी होती, तिच्यावरच भिस्त.

वनविभागाच्या माणसांना जागा दाखवली. त्यांची हरकत नव्हती, कारण झाडाला हातच लागणार नव्हता. तिन्हीसांजेला, हेल्मेट घालून, चौघांनी जाळी ताणली. तंबोऱ्यासारखी ताठ, एकही झोळ नाही. रात्र मला जड गेली हे खरं. सकाळी साडेसहाला आई पंजात काहीतरी घेऊन आली, जाळीकडे पाहून दोन फेऱ्या मारल्या आणि घरट्यावर उतरली.

पुढच्या दिवसांत दुसरं पिल्लू साडेतीननंतर चोच मिटून बसलेलं दिसू लागलं. श्रेय सगळं जाळीचं म्हणायला मी धजणार नाही, कारण त्याच सुमारास दोन दुपारी आभाळ आलं होतं. पण स्वच्छ उन्हाच्या दिवशीही फरक दिसत होता.

जलपात्रांचं काय

या प्रकरणात जलपात्रं कुचकामी ठरली असं कुणी म्हणू नये. ती घारीसाठी नव्हती, इतकंच. सातभाई, बुलबुल, साळुंक्या, कावळे, खारी आणि मधमाशा यांची तिथे रीघ असायची. मात्र ती ठेवली होती कुठे, हे आम्ही त्या निमित्ताने फिरून पाहिलं. अकरापैकी सहा पात्रं कंपाउंडच्या भिंतीवर, भर उन्हात, प्लॅस्टिकची. दुपारी पाण्यात बोट बुडवलं तर चटका. दुपारच्या उन्हात तिकडे कोणी फिरकतही नव्हतं. ती उचलून झुडपांच्या सावलीत नेली, पण मांजर दबा धरून बसेल इतकी झुडपाला चिकटून नाही. प्लॅस्टिकऐवजी मातीची परळं आणली. मातीतून पाणी झिरपतं, उडतं आणि उरलेलं गार राहतं. खोल टबात दगड टाकले, कारण खारी आणि मधमाश्या बुडून मरतात. दर दिवशी घासून पाणी बदलायचं ठरलं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि एकाच घाण भांड्यातून कबुतरांच्या घशाचा रोग त्यांना खाणाऱ्या घारी-शिकऱ्यांपर्यंत जातो. घासायला काथ्या मिळाला की लोक तेही करतात, अनुभव आहे.

गेटवरच्या कुत्रीचंही थोडं. ती दुपारी पार्क केलेल्या गाडीखाली झोपायची. काकूंनी बर्फाच्या पाण्याची दुसरी बादली तिच्यासाठी ठेवली होती. तिच्यासाठी शेवटी पाण्याच्या टाकीमागे ओलं पोतं अंथरलं आणि ती तिथे सरकली. आणि बांधकामाची रेती बैलगाडीने आणणाऱ्या भाऊंना मी एवढंच सांगितलं की ३७ अंशांवर पारा असताना दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपायला १९६५ च्या नियमांनी मनाई आहे. ते हसले. “मग मे महिनाभर घरीच बसतो जी.” नियम बरोबर आहे, भाऊंचं म्हणणंही खोटं नाही. त्यांनी पहाटेच्या खेपा वाढवल्या, ठेकेदाराने दुपारचे पैसे कापले नाहीत, एवढ्यावर ते निभावलं.

परतवणी

पिल्लू बरं झालं, पण ते कुठे सोडायचं? मोकळ्या मैदानात सोडलं तर उपाशी मरेल, कारण शिकार कशी करायची हे ते अजून आई-बापाकडून शिकलेलंच नव्हतं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. बहुतेक पक्ष्यांचं पिल्लाशी नातं हाकेने आणि जागेने बांधलेलं असतं. कडुनिंबावर चढवणं नको होतं, तिथे सावलीच नव्हती. शेजारच्या शिरिषात, घरट्यापासून हाकेच्या अंतरावर, बांबूची टोपली बांधली, तळाला भोकं पाडून काटक्या पसरल्या आणि पिल्लू सकाळी सहाला तिथे ठेवलं. पहिला दिवस आई नुसती वरून गेली. केंद्राच्या माणसांनी मांसाचे तुकडे वर पोचवले. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बाप टोपलीच्या कडेवर उतरला.

दोन्ही पिल्लं जूनच्या आधी उडाली. खाली पडलेल्या पिल्लाच्या पंखांच्या पिसांवर मात्र एक फिकट आडवी रेघ होती. पीस वाढत असताना पोटात पाणी-अन्न कमी पडलं की अशी कमकुवत पट्टी उमटते, आणि तिथे पीस तुटू शकतं. ती पिसं झडून नवी येईपर्यंत पिल्लू तेवढं अधूच.

जाळी आम्ही मान्सूनपूर्व वादळांच्या आत उतरवली. वाऱ्याने सुटलेली जाळी म्हणजे झाडावरचा फास.

त्यानंतर लेआउटची बैठक झाली आणि ती गोड नव्हती. ज्यांच्या घरासमोर ठिणग्या उडाल्या होत्या त्यांनी स्पष्ट विचारलं, “तार तुटून माझ्या नातवावर पडली असती तर?” त्यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं, आणि असायलाही नको. तारांलगतची फांदी कापलीच पाहिजे. वाद होता तो कधी आणि किती याचा. नागपूरकडे घारी साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून घरट्यावर असतात, कावळे त्यानंतर बसतात, म्हणजे उन्हाळाभर एखादं तरी घरटं वापरात असतंच. पाऊस संपल्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात मोकळा. ठरलं ते असं: छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उद्यान विभागाचा माणूस हजर असताना, आणि तारेपासून लागेल तेवढ्या अंतराचीच. पश्चिमेचा घेर पुन्हा फुटेल तेव्हा तो ठेवायचा. शिवाय उघड्या तारांच्या जागी प्लॅस्टिकच्या आवरणाची एबी केबल टाकून द्यावी, म्हणजे फांदी लागली तरी ठिणगी उडणार नाही, असा अर्ज काकाजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. ठिणग्यांच्या घरवाल्यांनी त्यावर पहिली सही केली. अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही.